घरची जीभ, बाहेरची जीभ

आई,

तुझ्याशी बोलायचे कोंकणीत आणि लिहायचे मराठीत, तेव्हा हेही मराठीतच. आपलं राज्य झालं त्या सुमारास कोंकणी की मराठी यावरून साखळीच्या बाजारात दोस्तांची तोंडं फिरली होती, पण तुझ्या खाणावळीत दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाकावर बसून माशाचं हुमण ओरपायचे. "भांडण भायर, हांगा जेवण," म्हणायचीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. आज लिहायला बसले त्याला कारण परवाची एक भेट, पण आधी बाटल्यांचं सांगते. ते तुला कधी धड समजलंच नाही. "चेडवा, दीसभर बाटल्यो पळयत बसता, आनी ताचो पगार दितात तुका?" बाटल्यांकडे बघत बसायचा पगार कसला, असं विचारून तू सगळ्यांसमोर हसायचीस, आणि मी फुगून बसायचे.

तर ऐक. एखादं रसायन पाण्यात गेलं की ते आपसूक नाहीसं होतं का, एवढंच आम्ही लॅबमध्ये बघायचो. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांचं थोडं पाणी बाटलीत घालायचं, खायला फक्त ते रसायन, आणि बूच लावून चार आठवडे अंधारात ठेवायचं. जीव खायला लागले की पाण्यातला प्राणवायू ओढतात. तो पुरेसा खाली उतरला की रसायन पास. शेजारच्या बाटलीत त्यांना सहज पचेल असं काहीतरी घालायचं, म्हणजे ते जिवंत आहेत ना, ते कळतं.

डिचोलीच्या एका फॅक्टरीचं लिक्विड आमच्याकडे आलं, खनिजाचे ट्रक धुवायचं. ते पास झालं की धुण्याचं पाणी सरळ व्हाळात सोडायची मोकळीक मिळणार होती, आणि तो व्हाळ जातो आपल्या सर्वणच्या शेताच्या कडेने. दिवाळीनंतर आपण लावायचो ते वायंगण भात त्याच्याच पाण्यावर. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. आणि लिक्विड पास झालं! झकास पास झालं. फॅक्टरीने पेढे पाठवले, लॅबचे सर खूश, मी त्याहून खूश. पुडा घेऊन थेट खाणावळीत आले.

तू चुलीशी उभी आहेस. सुंगटांचं, कोळंबीचं हुमण, मसाला नवीन. "कशें जालां?" म्हणून करवंटीचा दवला माझ्यापुढे धरतेस. मी न चाखताच म्हणते, "फस्कलास!" तू दवला मागे ओढतेस. "तुका कित्याक विचारतां हांव! घरच्यांची जीभ म्हज्या मिठाक संवकल्या. तुमी बरेंच म्हणटलीं. भायल्यान म्हणूंक जाय." आणि बाहेरच्याने बरं म्हणावं म्हणून वाटी ठेवतेस पणजीच्या बसच्या कंडक्टरपुढे. तो पेडण्याचा, कुणाची भीड न ठेवणारा. एक भुरका मारून म्हणतो, "मीठ उणें." तू नाक मुरडतेस, आणि चिमूटभर मीठ घालतेस.

माझा पेढा तोंडातच राहिला. आमच्या बाटल्यांतलं पाणी कुठलं होतं ठाऊक आहे? फॅक्टरीच्याच नाल्याचं. नमुन्याबरोबर एक कॅनही ते मोठ्या सज्जनपणे पाठवायचे, आणि आमचीही धावपळ वाचायची. त्या नाल्यातले जीव कित्येक महिने तेच लिक्विड खाऊन सवकलेले. ते बरं म्हणणारच! व्हाळाला कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळी सरांना सांगितलं. "अगो, पास झालेली चाचणी कोण परत लावतं?" त्यांचा आवाज चढला. मी म्हटलं, "सर, आपण घरच्यांनाच विचारून निकाल दिलाय." त्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, "लाव बाई. पण फॅक्टरीला तूच सांगायचं." सांगेन म्हटलं, आणि सांगितलंही. मयेच्या तळ्याचं पाणी आणलं, जिथे ते लिक्विड कधी पोचलंच नव्हतं. पुन्हा चार आठवडे. सोपा घास त्या जीवांनी फस्त केला, लिक्विडला तोंडसुद्धा लावलं नाही. चक्क नापास. फॅक्टरीवाले भरपूर ओरडले आणि शेवटी त्यातला साबण बदलून आले. तो मयेच्या पाण्यातही पास झाला, तेव्हाच मी सही केली. त्या वर्षीचं आपलं वायंगण छान पिकलं. मी बरोबर होते, आई, आणि हे आजही ठणकावून सांगते. लॅबमध्ये नवीन मुलगी आली की तिला पहिला प्रश्न हाच विचारते, पाणी कुठलं आणलंस?

तर परवाची भेट. साखळीच्या स्टँडवर तो कंडक्टर दिसला, पार म्हातारा झालाय. मला बरोबर ओळखलं. "तुज्या आवयच्या हुमणाची रूच अजून तोंडार आसा," म्हणाला. मला भरून आलं. दर रविवारी मी तुझं हुमण करते, तुझ्याच दवल्याने. आधी स्वतः चाखते आणि स्वतःलाच सांगते, अगदी आईसारखं. घरचे बोटं चाटत जेवतात. तुझी चव ठाऊक असलेला बाहेरचा माणूस आता हा एकच उरलाय. "आयतारा जेवपाक येयात," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याची बस लागली, तो हळूहळू चढला, खिडकीतून हात केला. मीही केला.

बोलावलं नाही मी त्याला. पास झालेली चाचणी कोण परत लावतं, गे आई?