भिजवलेली पानं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तुमचं बोलणं मात्र उघड्या डोळ्यांनी आठवतं. अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत, म्हणून हे लिहिता येतंय. उद्या नगरात, आमच्या कारखान्यावरच, सरकारचा साहेब यायचाय. विड्या वळणाऱ्या आम्हा बायांना कमीत कमी मजुरी किती असावी, आजारपणात भरपगारी रजा मिळावी का, हे कायद्यात घालायचंय, म्हणून तो आम्हालाच विचारणार आहे. बोलायला बायांनी मला पुढं केलंय. मुकादमाची लेक, हिला आतलं सगळं ठाऊक, म्हणून.

ठाऊक आहेच. कारखान्याच्या ओट्यावर तुम्ही मांडी ठोकून बसायचात. बायांनी घरी वळून आणलेल्या विड्या मुठीत दाबून बघायचात आणि नापसंत पडतील त्या शेजारच्या टोपलीत टाकायचात. ती छाट. छाटीची मजुरी बाईला नाही, विडी मात्र मालकाची. तीच टोपली संध्याकाळी विकायला जायची, हे मी पाहिलंय. आणि रांगेत आईची छाट सगळ्यात मोठी. घरच्या माणसाला सूट नाही हे चारचौघांना दिसावं, एवढ्यासाठी. लोक म्हणायचे, मुकादम लई सरळ मानूस हाय.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर आई तापानं फणफणली होती, तो दिवस. विडीची पानं आदल्या रात्रीच भिजवलेली, त्या दिवशी वळली नाहीत तर सडणारी. ती म्हणते, "आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. बोटं वळत न्हाईत." तुम्ही चहाची बशी खाली ठेवता. चिडतसुद्धा नाही. "भिजवलेलं पान थांबत न्हाई," म्हणता. "तुला रजा दिली तर उद्या समद्या मागतील." तिनं पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं. दुपारी तुम्ही तिच्या विड्या छाटल्यात, आणि आठवडा उलटायच्या आत आम्ही तिला सीना नदीकाठच्या मसणात पोचवून आलो.

काल शेजारीण म्हणाली, "मेलेल्या मानसाचं नाव कशाला घेती? एक मुकादम हुता, असं म्हन." मी नाही तसं म्हणायची. माझा बाप, असं म्हणणार. नावासकट, मालकाच्या तोंडावर. तुमचा सरळपणा उद्या त्याच ओट्यावर ओतणार आणि मुठीत दाबून बघणार. मला त्याचं वाईट वाटत नाही. बरं वाटतंय, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

उद्या कुणी विडी वळायची नाही, तेव्हा आज कुणी पानं भिजवू नका, असं मीच घरोघर जाऊन बजावलंय. हा कागद चुलीत जाईल, तुम्हाला धाडायचा तरी कुठं. पण एक सांगते. मघाशी दिवेलागणीला मी सवयीनं उठले, आणि भानावर आले तेव्हा माझी पानं बादलीत भिजत होती. ती तशीच ठेवली आहेत. सडू देत.