आईनं घातलेली वेणी

मावशी, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्ही नाहीतच, तरी लिहितेय. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात तुम्ही भाकऱ्या थापायचात आणि मी, पंचविशीतली नवी अधीक्षिका, मुलींच्या वसतिगृहात हुकूम सोडायचे. जूनमध्ये शाळा उघडली की उवांसाठी सरसकट सगळ्या मुलींचे केस कापायचे, हा पहिला नियम. मला तो आवडायचा, कारण त्यात डोकं चालवावं लागत नसे.

त्या वर्षी मुरबाडकडच्या पाड्यावरून आठ वर्षांची एक पोर आली. कात्री बघताच बाकाखाली शिरली. मी तिला ओढलं, तर मनगटाला कडकडून चावली आणि पळाली ती थेट तुमच्या चुलीमागे. घरीच पाठवते हिला, म्हणत मी कात्री घेऊन मागोमाग आले. तुम्ही पिठाच्या हातांनी दार ओढून घेतलंत आणि बाहेर मला हळू आवाजात सुनावलंत, "बाई, काय झालंय ते इचारा तरी. तिची आय जाऊन पंधरा दिस नाय झालं. ती वेणी आयनं घातलेली हाय." पेटी पोचवायला आलेल्या तिच्या काकाला तुम्ही विचारलं होतंत, मी फक्त दाखला तपासला होता. तुमचा असा राग आला मला, स्वयंपाकीण मला शिकवणार म्हणून. आणि लाजही वाटली. पण तुम्ही दारातून हलला नाहीत, म्हणून कात्री हातात घेऊनच मी परत फिरले.

मग रोज दुपारी भांडी उरकली की तुम्ही तिच्याजवळ बसायचात. हात लावायच्या आधी विचारायचात, "आज तेल लावू गो?" ती नाय म्हणाली की नाय. मी दारातून बघत पुटपुटायचे, सगळ्या वसतिगृहाला उवा होणार. झाल्याच. पण तिसऱ्या आठवड्यात तिनं आपणच रिबन सोडली आणि तुमच्याकडे पाठ करून बसली.

आता शहापुरात नव्या अधीक्षिकांच्या प्रशिक्षणात मी शिकवायला जाते. तिथले साहेब ट्रॉमा, ट्रॉमा करतात. मी एवढंच सांगते, आधी विचारा, मग हात लावा. कात्रीचा नियम कधीच बंद झाला. बरं चाललंय, मावशी.

गेल्या आठवड्यात ती आली होती. किन्हवलीजवळ अंगणवाडी चालवते. चहा पिताना म्हणाली, "बाई, मी त्या दिवशी पळूनच जाणार होते. पण मावशी आत येऊन म्हणाली, बाईंनी कात्री ठेवून दिली, आता तुला इचारल्याबिगर कोण हात लावणार नाय. म्हणून राहिले मी, तुमच्यामुळं." हे तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण इतकं बरं वाटत होतं की तिला आणखी थोडा चहा ओतला आणि गप्प बसले.