रतिलालभाऊंचा अंगठा आणि लडाखचा दगड

देवपूर, धुळे

तीर्थरूप नानांस दिपमालाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता मांडी घालू देत असेल आणि काकूंनी साखरेचा डबा तुमच्यापासून लपवलेला असेल, अशी आशा आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

तुम्ही आणलेल्या स्थळाच्या वडिलांना, म्हणजे रतिलालभाऊंना, मी दगड मारला असं साक्रीपर्यंत पोचलंय म्हणे. साफ खोटं. दगड त्यांनी स्वतः पाडला. झालं असं, की रविवारी ते, त्यांची मंडळी आणि मुलगा किरण (दीपनगरला इंजिनिअर, आल्यापासून पोह्यांतले शेंगदाणे निवडत बसलेला) मला बघायला आले. रतिलालभाऊंनी विचारलं, "पीएचडी कशात करतेस?" हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता (तुम्हीसुद्धा नाही), त्यामुळे मी चेकाळलेच. आई डोळे वटारत असताना आतून प्रबंधासाठी लडाखहून आणलेला दगड टीपॉयवर आणून ठेवला. म्हटलं, हा मुळात आपल्या साक्रीच्या काळ्या दगडासारखाच. पण भारत सरकत जाऊन आशियाला भिडला, त्याची कड खाली घुसली, आणि हा गडी तिच्याबरोबर शंभरेक किलोमीटर खोल गेला. तिथल्या दाबानं आवळून हिरवा झाला, अंगभर गार्नेटचे लाल खडे उठले, आणि मग वर आला.

"म्हणजे सासरी जाऊन परत आला," किरणच्या आई म्हणाल्या.

"हो, आणि लवकर परत आला म्हणूनच शाबूत राहिला," मी म्हटलं. (इथे आईनं कपाळाला हात लावला.)

रतिलालभाऊ मात्र रंगले होते. एवढुसा तर आहे, म्हणत त्यांनी तो एका हातानं उचलला. दाबामुळे तो भलताच जड झालाय, हे मी सांगणारच होते. "हाऊ दगड शे का लोखंड?" एवढं ते बोलले आणि दगड पायाच्या अंगठ्यावर. मग बर्फ, रिक्षा, एक्स-रे. त्या गोंधळात मी आधी "गार्नेट फुटले का बघा!" असं ओरडले, तेवढं मात्र खरं आहे. हाड तडकलंय. डॉक्टरला दाखवायला म्हणून त्यांनी दगड बरोबर नेला, तो त्यांच्याबरोबर थेट दीपनगरलाच गेला.

स्थळ गेलं याचं मला काही वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
दिपमाला

ता. क. दगड मात्र हवाय. त्याचे पातळ काप करून तो किती खोल गेला होता ते काढायचंय. तो नसेल तर प्रबंध अडला. रतिलालभाऊ तुमचा शब्द मोडत नाहीत. माझ्या वतीनं भरपूर माफी मागा आणि दगड मागा.

दुसरी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात किरणचा फोन आला. त्याला म्हणे त्या दिवसापासून एकच शंका छळतेय: एवढा जड दगड पुन्हा वर आलाच कसा? (नाना, माझा अख्खा प्रबंध याच प्रश्नावर आहे!) तासभर बोललो. दगड घेऊन तो स्वतः येतोय. तेव्हा दगड मागू नका. माफी मात्र मागाच. शेवटी सासऱ्यांचा अंगठा आहे.