मंगल कार्यालयातलं जहाज

नारायणगाव,
सोमवार

आदरणीय म्हस्कू दाजींना धाकट्या मेहुण्याचा, मच्छिंद्रचा, वाकून नमस्कार.

आक्काची कंबर, तुमचा खोकला आणि दीडशे मेंढरं, सगळं ठणठणीत आहे असं धरून चालतो. इकडे आशा आणि लेक श्रेया मजेत. (फोन सोडून पत्र कशाला, म्हणाल. तुमचा फोन तुमचा पोरगा शौर्य उचलतो, आणि त्याला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत येडगावभर होते.)

दाजी, अठरा वर्षं मी जहाजावर खलाशी म्हणून गंज खरवडला. वय झालं बेचाळीस. आता अधिकारी झालो नाही तर उरलेली वर्षंही खरवडण्यातच जाणार, आणि ते मला नको आहे. म्हणून सरकारने जुन्या खलाशांना अधिकाऱ्याच्या परीक्षेला तयार करायची योजना काढली, तेव्हा पहिला अर्ज माझा. शिकवण्याचं कंत्राट मिळालं ते हायवेवरच्या मंगल कार्यालयाच्या भरतशेठला. त्याचं काही चुकलं नाही. निविदेत शंभर माणसांचा हॉल, स्वयंपाकघर, जनरेटर आणि पार्किंग मागितलं होतं. समुद्राची अट घालायचं कुणाला सुचलंच नाही.

शिकवायला पेठचे कॅप्टन चिमाजीराव आहेत, तीस वर्षं जहाजं चालवून निवृत्त झालेले. (समुद्रात त्यांना कधी गरगरलं नाही, पण इकडे येताना शेअर जीपमध्ये दोनदा उलटी झाली.) नवरानवरीचं स्टेज हेच आमचं जहाज. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग एका स्टुलाला ठोकलंय, आणि नवरदेवाच्या लाल खुर्चीत कॅप्टनसाहेब. लग्न असलं की स्टूल उचलायचं आणि सगळ्यांनी नवरीच्या खोलीत जायचं.

गेल्या शुक्रवारी लग्नाची दाट तिथी होती, आणि नेमके त्याच दिवशी सरकारी साहेब तपासणीला आले. दारात नवरीचे चुलते उभे. त्यांना वाटलं, हे वरपक्षाकडचे कुणी बडे. साहेबांनी तोंड उघडायच्या आत डोक्याला फेटा आणि हातात नारळ. आपण जहाजाच्या कामाला आलोय असं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. चुलते म्हणाले, "काम व्हईल वो पावणं, आधी मासवडी खावा." साहेबांनी ती तीनदा वाढून घेतली, अक्षता टाकल्या आणि फेट्यासकट आमच्या खोलीत शिरले. तिथे आम्ही बावीस खलाशी करवल्यांच्या बॅगांवर बसलेलो. साहेबांनी मलाच विचारलं, धुक्यात जहाज चाललंय, भोंगा कसा द्यायचा? मी सांगितलं, दर दोन मिनिटांच्या आत एक लांब. बाकीचे आरशात बघत होते. साहेब खूश झाले, शेरा चांगला लिहिला आणि पाण्यातल्या परीक्षेच्या यादीत माझं नाव पहिलं टाकलं.

ती परीक्षा पुढच्या गुरुवारी, तुमच्याच येडगाव धरणावर. उंच मचाणावरून उडी मारायची, पोहत जायचं आणि उलटा पडलेला रबरी तराफा सरळ करायचा. ज्याला जमेल त्यालाच पुढचा दाखला, नाहीतर परत गंज. आशाने गल्लीभर सांगून ठेवलंय, आणि श्रेया मैत्रिणींना घेऊन बघायला येणार आहे. मला काही काळजी नाही. अठरा वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला धरणाचं काय? आक्काला कमरेला शेक द्यायला सांगा.

तुमचा,
मच्छिंद्र

ता.क. दाजी, मला पोहता येत नाही. नोकरभरतीच्या वेळी पोहण्याच्या चाचणीत माझ्या नंबरावर दुसऱ्यानेच उडी मारली होती, आणि जहाजावर सगळा जोर पाण्यात न पडण्यावर असतो. आशाला हे माहीत नाही. सांगायची लाज वाटते, आणि श्रेयासमोर बुडायची त्याहून जास्त. कातरणीच्या आधी तुम्ही मेंढरं धरणात धुता, हनुवटीखाली हात देऊन एकेकाला काठाला लावता. येत्या रविवारी कमरेला दोर बांधून मलाही तसंच लावा.

ता.क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कॅप्टनसाहेबांनी मला जनरेटरच्या मागे नेलं. पहिली उडी शिकवणाऱ्याने मारून दाखवायची, असं कंत्राटात आहे, आणि भरतशेठने त्यांना ते आज वाचून दाखवलं. आजूबाजूला कुणी नाही ना, ते त्यांनी पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मच्छिंद्रा, तुझे दाजी मेंढरं धुत्यात म्हनं. मानसं घेत्यात का?" तेव्हा रविवारी दोर दोन आणा. त्यांचा जरा जाड बघा, वजनाने भारी आहेत.