मुली मोजून जमीन

१२ सप्टेंबर, मंगळवार

शाळा उघडली. पहिलीत दीडशेच्या वर पोरं, पुढे मोजणं सोडून दिलं. निम्मी वर्गात, निम्मी आंब्याखाली. आत शिकवलं की बाहेर दंगा, बाहेर गेले की आत. एक मुलगी कोपऱ्यात रडत होती. नाव विचारलं तर शेजारची म्हणाली, "ती कालपण रडत होती." काल तर शाळाच नव्हती.

घसा बसलाय.

संध्याकाळी फालेसी आली. आठवा महिना, सातवं बाळ. धाकटी असून माझ्याहून थकलेली दिसते. दारातच खांब धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मामा रविवारी येतायत. नदीकाठच्या शेताचं काढलंय."

आज ना उद्या निघणारच होतं.

१७ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर काचेपा मामा खुर्चीवर बसले, आम्ही तिघी चटईवर. मी, फालेसी, आई. माझे यजमान, गोमानी, बाहेर सायकल पुसत राहिले. बायकोच्या घरच्या जमिनीत जावयाने बोलायचं नसतं.

मामांनी सावकाश मक्याचा न्सिमा आणि तुरीचं कालवण संपवलं, हात धुतले. मग म्हणाले, "बहिणीच्याने आता कुदळ उचलवत नाही. पाऊस यायच्या आत शेत वाटून टाकू."

मला वाटलं, अर्धं माझं, अर्धं फालेसीचं. दुसरं काय असणार!

"फालेसीला पाच मुली," मामा म्हणाले. "उद्या त्यांचे नवरे इथे येतील. घरं कुठे बांधतील? पेरतील कुठे? तिया, तुझे दोन्ही मुलगे. ते आपापल्या बायकांच्या गावी जाणार, सासूच्या जमिनीवर जगणार. शिवाय तुला पगार आहे. घराखालची जागा तुझीच, तिला कुणी हात लावणार नाही. शेत पाच पोरींचं."

फालेसी चटईचा धागा ओढत होती. मान वर केली नाही.

मी म्हटलं, "मामा, मी दोनवर थांबले ते याच गोष्टीसाठी. शेत पुरत नाही म्हणूनच."

"पण तुला कुणी सांगितलं होतं थांबायला?"

रागावून नाही, मायेने विचारलं. म्हणून जास्त लागलं.

१८ सप्टेंबर

कुणी सांगितलं होतं—दिवसभर तेच डोक्यात. फळ्यावर बेरीज चुकले. पोरांनी चुकीची बेरीज एका सुरात म्हटली.

२१ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यात बायकांपुढे पाळणा लांबवण्यावर बोलायचा दिवस. सिस्टर नासिबेको मला महिन्यातून एकदा बोलावते. शिक्षिका, दोनच मुलं, दोघांच्या पायांत बूट. तिच्या दृष्टीने मी म्हणजे चालताबोलता फलक.

नेहमीचंच बोलले. नदीकाठचं शेत आजीच्या एकटीचं होतं. मग आई आणि मावशी. आता आम्ही. समोरच्या टेकडीवर माझ्या लहानपणी झाडं होती, आज माथ्यापर्यंत मका आहे, आणि पावसात माती खाली येते ती आपल्याच दारात. माझा वर्ग बघायला या म्हटलं. बायका माना हलवतात. हलवतातच.

आज मागून एकीने विचारलं. पाठीला बाळ, पायाशी दुसरं. "मॅडम, म्हातारपणी तुमच्या अंगणात कोण असणार?"

"मला पेन्शन मिळेल."

"पेन्शन विहिरीवरून पाणी आणते का?"

सगळ्या हसल्या. नासिबेकोसुद्धा. मीही हसले, हसायला लागतंच.

२४ सप्टेंबर

आज गोमानींपुढे मन मोकळं केलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "चल." मोठ्या रस्त्यापर्यंत चालत नेलं. ज्या चहामळ्याच्या कारखान्यात ते पानं वाळवतात, तो मळा पलीकडे सुरू होतो आणि डोंगराच्या पायथ्याला जाऊन टेकतो. मध्ये एक घर नाही.

"हे सगळं एका मालकाचं," ते म्हणाले. "तो इथे कधी आलेला मी पाहिला नाही. मामा तुझ्या बहिणीच्या मुली मोजतायत. तू वर्गातली पोरं मोजतेस. इकडचं कुणीच मोजत नाही. माणसं जास्त झाली, की जमीन कमी ठेवली, हे आधी ठरवा."

मी म्हटलं, "अहो, मळा आजीच्या वेळीही एवढाच होता. तो वाढला नाही. वाढलो आपण."

"असेल. दोन्ही खरं असेल."

परत येताना म्हणाले, "माझ्या आईच्या गावी जाऊ या का?" मी विचारलं, तुमच्या बहिणी मला तिथे कुदळ टेकवू देतील का?

"मला तरी इथे कोण टेकवू देतंय," म्हणाले आणि हसले. सतरा वर्षं झाली त्यांना या गावात. हे हसणं मला आजवर ऐकू कसं आलं नाही?

२९ सप्टेंबर

आई अंगणात तूर सोलत होती. शेजारी बसले. विचारलं, तुला नऊ झाली, कधी पुरे असं वाटलं नाही?

"नऊ झाली, दोघी राहिलात," ती म्हणाली. "किती हवीत असं आम्ही ठरवत नव्हतो. किती राहतात ते बघत होतो." बराच वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "फालेसीची सगळी जगली. लस मिळाली, औषध मिळालं. एक नाही गेलं. तू तिकडे बायकांना सांगतेस माणसं फार झाली. सगळी जगतात, हा आता दोष म्हणायचा का?"

 सात भावंडं त्या बांधापलीकडे आहेत. कुणाचा चेहरा मला आठवत नाही, तिला सगळ्यांचे आठवतात.

उठताना म्हणाली, "तुला एक मुलगी हवी होती." कालवणात मीठ कमी आहे म्हणावं, तसं.

४ ऑक्टोबर

झोप नाही. जेवण नाही. माझा लिंबानी विचारतो, आई, बरं नाही का? बरी आहे म्हटलं. सदतीस वर्षं. अजून उशीर झालेला नाही. एकच. एक मुलगी, मग बंद.

"एकच अजून, मॅडम"—बायका हे म्हणतात तेव्हा मी पुढे उभी राहून त्यांच्याकडे कशी बघते, ते मला माहीत आहे.

६ ऑक्टोबर

शाळेतून थेट दवाखान्यात. नासिबेकोला सांगितलं, मूल न होण्यासाठी दंडात घातलेल्या काड्या दुखतात. तिने दाबून बघितलं.

"हे दुखणं नाही."

"काढ."

तिने का ते विचारलं नाही. भूल दिली, चिरलं, काढल्या, पट्टी बांधली. हात धुताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "या महिन्यात बोलायला येशील ना?"

"येईन."

"काय बोलशील?"

"तेच."

घरी सांगितलं, लस टोचून घेतली. गोमानींनी पट्टीवरून हात फिरवला आणि दुखतंय का विचारलं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बोलले. तेच. आज कुणी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

फालेसी बाळंत झाली. घरीच. मग रक्त थांबेना. तिच्या नवऱ्याने, बिझेकीने, तिला सायकलवर घालून दवाखान्यात आणलं, तिथून गाडीने मोठ्या इस्पितळात. मी मागे बसून तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिचे ओठ राखेसारखे झाले होते. थोरली तामांडा समोर, बाळाला छातीशी धरून. सतरा वर्षांची पोर, रडली नाही, फक्त रस्त्यातले खड्डे आले की "हळू, हळू" म्हणत होती. कुणाला म्हणत होती देव जाणे.

रक्त चढवलं. दुपारी डोळे उघडले.

"काय झालं?"

"मुलगी."

तिने तोंड भिंतीकडे केलं.

आता लिहायचंच आहे तर खरं लिहिते. मुलगी म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते शेत. सहावी पट्टी. बहीण मरता मरता वाचली होती आणि मी तिथे उभी राहून पट्ट्या पाडत होते.

३ नोव्हेंबर

फालेसी घरी आली. पेज घेऊन गेले होते. बिझेकी बाहेर गेल्यावर तिने माझा हात धरला. "ताई, मला तुझ्यासारखं करून दे. यांना आत्ता सांगू नकोस, मी सांगेन नंतर. पुढच्या खेपेला मी वाचणार नाही."

"नेते."

"कुठे घालतात? दाखव." आणि तिने माझी बाही वर सारून दंड चाचपला. मग पुन्हा चाचपला. नुसता व्रण.

"कधी काढल्यास?"

मी बाही खाली ओढली.

"शेतासाठी?"

मला वाटलं ती चिडेल. मी बायकांना सांगते त्याची, बुटांची, सगळ्याची टर उडवेल, आणि तिला हक्क होता. पण ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "वेडी आहेस का गं? माझ्याकडे आहेत की मुली."

अर्थ कळला नाही. अशक्तपणात बोलली असेल.

११ नोव्हेंबर, शनिवार

वाटणी झाली. बसून सगळं लिहिते.

डोंगरावर ढग होते, मामांना घाई होती. बोरूच्या काठ्यांची मोळी घेऊन ते नदीकडून सुरू झाले. एक काठी रोवायची, पावलं टाकायची, दुसरी रोवायची. "ही तामांडाची. ही तिच्या पाठचीची." पट्टी एवढी अरुंद की दोघी शेजारी कुदळ मारायला लागल्या तर एकमेकींना लागेल. मी आईजवळ बांधावर उभी होते. आपण तमाशा करायचा नाही, एवढंच ठरवून आले होते.

फालेसी खाली बसली होती, बाळ पाठीला चितेंज्याच्या कापडात बांधलेलं. ती उठली. चालताना अजून झोकांड्या जातात.

"मामा, थांबा. तामांडा ताईला काय हाक मारते?"

मामा वाकलेलेच म्हणाले, "मोठी आई. दुसरं काय म्हणणार?"

"मग घरात आई, आणि शेतात पाय ठेवला की परकी?"

"तसं नाही, पोरी. पोटच्या मुली तुझ्या आहेत. ओझं तुझ्यावर आहे."

"पोटचं म्हणता? तुमच्या पोटची मुलं कुठे आहेत, मामा? त्यांच्या आईच्या गावी. या गावात तुमचं एकही नाही. तरी आज काठ्या तुम्हीच रोवताय, कारण आम्ही तुमच्या आहोत. मग माझ्या मुली हिच्या का नाहीत? हिने दोनवर थांबून या शेतावरचा भार कमी केला, त्याचा दंड हिलाच?"

मामा सरळ झाले. हातातल्या काठीची माती पुसली. 

तेवढ्यात तामांडा म्हणाली, "माझी काठी तर काढाच, आजोबा. मी शहरात, लिंबेला, शिवण शिकायला जाणार आहे. सगळ्यांनी इथेच उभं राहायचं म्हटलं तर पाय कुठे ठेवायचे?"

फालेसीला हे ठाऊक नव्हतं. तिचं तोंड पाहवत नव्हतं.

"शहाण्या झाल्या सगळ्या," मामा पुटपुटले. एकेक काठी उपटली. मग मध्यावर चालत गेले आणि एकच रोवली. अर्धं तिचं, अर्धं माझं. आईने सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "आता कुदळी आणा."

शेत काही मोठं झालं नाही. फालेसीच्या अर्ध्यात सहा मुली आणि एक मुलगा जेवायचे आहेत. मी म्हटलं, दोन्ही अर्धी आपण एकत्रच पेरू. ती म्हणाली, "मग मी इतका वेळ काय बोलत होते?"

परत येताना कानाशी म्हणाली, "तू पण घालून घे परत. दोघी मिळून जाऊ."

१८ नोव्हेंबर

मका लावला. गोमानी पण आले, कुणी अडवलं नाही.

शेतातच त्यांना काड्यांचं सांगितलं. लस नव्हती म्हटलं. त्यांनी कुदळ आडवी ठेवली आणि बसले.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"माहीत नाही. पण विचारायचं होतंस."

मग उठून सरी पुरी केली. रात्री नीट जेवले. उद्या बोलतील. बोलावंच त्यांनी.

३० नोव्हेंबर, गुरुवार

फालेसीचं आधी झालं. मग मी बाही वर केली. नासिबेको म्हणाली, थांब, आधी लघवी तपासू, नियम आहे. तपासलं. तिने काड्यांचं पाकीट परत कपाटात ठेवलं.

"तुला आता घालता येणार नाही, तिया."

फालेसीने माझा हात धरला.  बाहेर ओट्यावर बायका जमल्या होत्या, माझ्या बोलण्याची वाट बघत.