सत्यभामेसाठी नाव

७ फेब्रुवारी
भंगारातली लोखंडी नाव अखेर अंगणात आली. लग्नाच्या मांडवातच सत्यभामेला शब्द दिला होता, स्वतःच्या नावेतून फिरवीन. बँड जोरात होता, तिने ऐकला नसावा. नावेत कोणीतरी वर्षानुवर्षे बोअरचं पाणी साठवलेलं. आत पांढऱ्या खाराचे थर, बाहेर गंज. किरकोळ काम. पुढच्या रविवारी लग्नाचा वाढदिवस. तिला बसवणार म्हणजे बसवणार.

८ फेब्रुवारी, सकाळ
‘निघाली निघाली, सखी, नाव माझी’. अस्सल भुजंगप्रयात. दुसरी ओळ डाग निघाल्यावर.

९ फेब्रुवारी
घरातली सगळी चिंच खारावर चोळली. सत्यभामा वरणासाठी शोधत होती. फार बोलली. निदान नावेबद्दल बोलली.

११ फेब्रुवारी
नखं उजळली, नाव नाही. शेजारचे मारोतराव स्टील प्लांटमधून माझ्याबरोबरच रिटायर. म्हणाले, घासत काय बसले, पिकलिंग करा. म्हणजे प्लांटमध्ये पत्रा अ‍ॅसिडात बुडवून गंज काढतात ते. मला हे काय शिकवतात! मी स्टोअरला होतो, पण वास रोज घेतला आहे.

१२ फेब्रुवारी
खुर्सीपारहून अ‍ॅसिडचा कॅन आणला. ओतला. काय तो फेस, साक्षात समुद्र! मारोतराव बजावून गेले, दहा मिनिटांत धुवा. समुद्र बघताना डोळा लागला.

१३ फेब्रुवारी
खार गेला, गंज गेला. नाव चांदीची! बुडातून बारीक बारीक उजेड येतो, जणू तारकादळ. मारोतरावांनी त्यात करंगळी घातली. "भाऊराव, हिले गंजानंच तर धरून ठेवलं होतं." माणसाला सौंदर्यदृष्टी नाही. तारकांवर एम-सील लावलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
तलाव. आधी मी बसून दाखवलं. नाव निघाली, खालच्या दिशेने. पाणी कमरेएवढंच, त्यामुळे बुडालो असं म्हणता येणार नाही. सत्यभामा काठावरून शांतपणे म्हणाली, "या आता बाहेर. लोकं पाहून राहिले."

तोच दिवस, संध्याकाळ
घरी येताना तिने रिक्षा बागेकडे वळवली. तिथे भाड्याची, पायडलची, बदकाच्या आकाराची प्लास्टिकची बोट. मारोतरावांच्या बायकोला, ठकूबाईला, फोन करून बोलावून घेतलं. माझी पँट चिखलाने भरलेली, म्हणून बोटवाल्याने मला चढू दिलं नाही. दोघींच्या चपला सांभाळत उभा राहिलो. सत्यभामा इतकी हसलेली मी कधी पाहिली नव्हती. एकूण पाण्यावर ती माझ्यामुळेच गेली. बदक काठाजवळून जाताना मी तिला हाक मारली.

तिने पायडल जोरात मारलं.