तोंड धुतल्यावरचा रंग

कडा, ता. आष्टी
रविवार, दि. १८ एप्रिल २००४

चि. सौ. मंजुळा हिला आक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. मायचे गुडघे दुखतात, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. अण्णांनी दोन्ही बैल चारा छावणीत नेऊन बांधलेत आणि स्वतःही तिथंच मुक्काम ठोकलाय. माय म्हणते, बैलांचं नाव आहे, ह्यांनाच घरी यायचं नाही. टँकर आता पाचव्या दिवशी येतो. मधले चार दिवस बोअरचं पाणी, तेही मचूळ. साबणाला फेस येत नाही आणि तोंड धुतलं की कातडी ओढल्यासारखी होते.

आमच्या महिला सहकारी भांडारात साबण तसाच पडून आहे. पाणीच नाही तर साबण घेऊन बायका काय करतील? मी आपली सकाळी कुलूप काढते, डब्यांवरची धूळ पुसते आणि काउंटरमागं बसते. तोंडाला काय लावू, हे विचारायला मात्र बायका अजून येतात. मी त्यांना काही विकायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून देते आणि सांगते, तीन दिवस थांबा. खाजलं नाही, लाल झालं नाही, तर चौथ्या दिवशी या आणि घेऊन जा. भांडारात आलेली प्रत्येक वस्तू आधी माझ्या डाव्या हातावर लागून गेलेली आहे, हे तुला माहीत आहे. तू हसायचीस, म्हणायचीस, आक्काचा डावा हात उजव्यापेक्षा गोरा हाय.

मागच्या सोमवारी तू फोनवर म्हणालीस, ‘आक्का, ट्यूब संपत आली, ह्या बारीला तीन पाठव.’ मी हो म्हणाले. हे पार्सल सुग्रीवमामांच्या हाती देते आहे, ते तुमच्या युसूफ वडगावच्या बाजाराला निघालेत. उघडल्यावर ट्यूब शोधू नकोस. ती नाही.

काय आहे ते सांगते. पारदर्शक ग्लिसरीनचा साबण आहे, आठ रुपयांचा. तो फक्त रात्री लावायचा, तोही एकदाच. सकाळी नुसतं पाणी. पाणी फार लागत नाही, अर्धा तांब्या पुरतो. मायच्या जुन्या लुगड्याचे दोन मऊ तुकडे धुऊन ठेवलेत. एक ओला करून तोंड टिपायचं, घासायचं नाही. टिपलं की तोंड ओलसर असतानाच व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, मटारच्या दाण्याएवढं. वाळल्यावर लावलंस तर नुसतं चिकट होईल. बेसन लावू नकोस, लिंबू तर अजिबात नको. दुधावरची साय लावायला तुझ्या सासूबाई, केशरबाई सांगतील, ती खाऊन टाक. महागाच्या बाटल्या भांडारातही आहेत, त्यांच्यात वासाशिवाय जास्त काही नाही. वास आगीत तेल ओततो.

आग होते ना? तू सांगत नाहीस. दिवाळीला आली होतीस तेव्हा मी तुला अंगणात बोलावलं, तर म्हणालीस, ‘कावून उन्हात नेतीस मला? लई आग होती.’ मी म्हणाले, बरं, आत बस. मी पाहिलं होतं तेव्हाच. गालांवर बारीक लाल शिरा, हनुवटीवर लव. तू सांगत होतीस की केशरबाई शेजारणींना म्हणतात, आमच्या सुनंच्या गालाला कशी लाली हाय बघा. मी हसले. मग चहा टाकायला उठले.

पत्र इथं ठेवलं होतं. आता दुपार झाली आहे, माय झोपली आहे.

मी परवा नगरला कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मायला सांगितलं, भांडाराचा माल बघायला जाते. ट्यूबचं रिकामं खोकं नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कुणी लावली? मी म्हणाले, मी. त्यांनी बॅटरी मारून माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, ‘बाई, तुमच्या तोंडाला काहीच झालेलं नाही.’ मग म्हणाले, हे औषध नायट्यावर आठ-दहा दिवस लावायचं, तेही डॉक्टरनं सांगितलं तर. रोज तोंडाला लावलं की कातडी पातळ होत जाते. सुरुवातीला गोरं दिसतं, म्हणून बायका सोडत नाहीत. पुढं सोडायला गेलं की तोंड पेटतं, मग पुन्हा लावतात. मी विचारलं, चौदा महिने लावली असेल तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘कुणी दिली तिला?’

मी म्हणाले, माहीत नाही.

तर पार्सलात डॉक्टरांनी लिहून दिलेली दुसरी, हलकी ट्यूब आहे. ती कशी कमी करत न्यायची ते त्यांच्या कागदावर आहे, नीट वाच. मधले काही आठवडे वाईट जातील. तोंड लाल होईल, सुजेल, पुरळ येईल. घाबरून जुनी ट्यूब हातात घेऊ नकोस. आणि तुला नगरला दाखवायला आणा म्हणाले आहेत. पुष्कळ भरून येईल, म्हणाले. सगळं येईल असं म्हणाले नाहीत. त्यानंतर तुझा स्वतःचा रंग परत येईल. मंजुळा, खरी अडचण तीच आहे, हे मला समजतं.

आता जे डॉक्टरांना सांगितलं नाही ते तुला सांगते.

तुझ्या आत्येसासूबाई, विमलबाई, मुलगी बघायला गेल्या की सगळ्यांसमोर तोंड धुवायला लावतात, हे आपल्याला तीन आठवडे आधी कळलं होतं. पावडर चालणार नव्हती. धुतल्यावर जाणार नाही असं काहीतरी हवं होतं. मेडिकलमधून ती ट्यूब मी आणली. तू म्हणालीस, आधी कोपराला लावून बघू का? मी म्हणाले, येडी का, ही औषधाची हाय, हिला काय बघायचं. चार दिवसांत तुझं तोंड उजळलं. माय आनंदानं रडली. मी नाही रडले.

तो दिवस तुला आठवत असेल. टँकर नऊ दिवस आला नव्हता. विमलबाई ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘पोरी, जरा तोंड धू बरं, हितं अंगणात, आमच्या म्होरं.’ मायनं पिण्याच्या रांजणातला तांब्या भरून दिला. तू धुतलंस. विमलबाईंनी मायकडून दुसरा तांब्या मागून घेतला, स्वतः तुझ्या हातावर ओतला आणि पदरानं तुझा गाल घासला. घरात तेवढंच पाणी होतं. सगळी माणसं ते मातीत जाताना बघत होती. मग त्यांनी पदर उलटून पाहिला आणि केशरबाईंना म्हणाल्या, ‘रंग पक्का हाय.’

तिथंच सुपारी फुटली.

पण त्याच्याही आधीचं आहे. मुक्ताबाई आठवतात का, दूध डेअरीजवळच्या? तुला ट्यूब दिली त्याच्या महिनाभर आधी त्या भांडारात आल्या होत्या. डोक्यावरचा पदर थेट नाकापर्यंत. त्यांनी तो बाजूला केला. सगळं तोंड लालभडक, जागोजागी सोललेलं. कुठल्याशा मेडिकलमधून आणून सहा महिने लावली म्हणाल्या, आता सोडली तर असं झालं. त्यांच्या हातात तीच ट्यूब होती. मी नाव वाचलं. मी त्यांना सांगितलं, फेकून द्या. त्यानंतर जाऊन तीच ट्यूब मी तुझ्यासाठी आणली.

मला माहीत होतं. हेच चौदा महिने लिहायचं राहिलं होतं.

कावून, विचारशील. तुझ्या भल्यासाठी केलं असं मी लिहू शकते आणि तू मानशील. पण ते पुरतं खरं नाही. मला ‘काळी निघाली’ म्हणून सात महिन्यांत परत पाठवलं, त्याला आता अकरा वर्षं होतील. तेव्हापासून तुला जी जी स्थळं आली, त्यांनी चहा पिता पिता माझ्याकडं पाहिलं आणि मग तुझ्याकडं. दोन स्थळं तशीच उठून गेली. तिसरं गेलं असतं तर माय म्हणाली असती, थोरलीमुळं. मला ते ऐकायचं नव्हतं. मला त्याची भीती वाटत होती. भीती तेवढी आठवते, बाकी काही वाटल्याचं आठवत नाही. गिऱ्हाईक बाईला मी तीन दिवस थांबवते. तुझ्यासाठी माझ्याकडं तीन आठवडे होते.

लग्नानंतर तू ट्यूब मागत गेलीस आणि मी पाठवत गेले. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी लिहू. खोकं बांधायचं, सुतळी तोडायची, कुणी निघालं असेल त्याच्या हाती द्यायचं. हात आपोआप करायचे. मला अजूनही रडू येत नाही. तुझं तोंड डोळ्यांसमोर आणलं तरी येत नाही. आलं असतं तर तुला लिहायला काहीतरी बरं सापडलं असतं.

साबणाच्या खोक्यात तळाशी एक चिठ्ठी आहे. ती केशरबाईंच्या नावानं आहे. त्यांना वाचता येत नाही, त्या लेकाकडून, शहादेवरावांकडून वाचून घेतील, हे लक्षात ठेवूनच लिहिली आहे. तिच्यात एवढंच आहे: ‘मंजुळा माझ्यासारखी सावळी आहे. तुम्ही बघायला आलात तेव्हा तिच्या तोंडाला औषध लावलेलं होतं. ते मी आणलं आणि मी लावायला सांगितलं. त्यानं अपाय होतो हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. आता ते बंद करायचं आहे. तिचं तोंड काही दिवस बिघडेल आणि मग तिचा रंग येईल. जे बोलायचं ते मला बोला. वत्सला आश्रुबा.’

ती द्यायची की चुलीत घालायची ते तू ठरव. तुझं घर आहे, तुझं माणूस आहे. शहादेवराव कसे आहेत हे मला ठाऊक नाही. लाली नसलेल्या तोंडाकडं ते कसं बघतील, हे तुलाच माहीत. मी पुढच्या रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं येते आहे. चिठ्ठी दिली असलीस तर ओट्यावर बसेन आणि जे बोलतील ते ऐकून घेईन. दिली नसलीस तर पाहुणी म्हणून चहा पिईन, तुझं तोंड पाहीन आणि संध्याकाळी परत निघेन. कुणाला काही बोलणार नाही. दोन्हीपैकी कशालाही मी तुला बोल लावणार नाही.

आणि त्यांनी तुला माझ्यासोबत पाठवून दिलं, तर ये. माझं झालं तेव्हा मला घ्यायला कुणी आलं नव्हतं, मी एस.टी.तून एकटी आले होते. तू एकटी येणार नाहीस. आजपासून टँकरच्या पाण्यातला एक हंडा मी झाकून ठेवते आहे. मायनं विचारलं, कुणासाठी? मी सांगितलं नाही. इथं तुला तोंड धुवायला कुणी सांगणार नाही, आणि धुतलंस तर कुणी बघत बसणार नाही.

व्हॅसलिन आधी कोपराला लाव. तीन दिवस थांब.

तुझ्याच रंगाची,
आक्का